पिन केलेली कमेंट

शिलाई मशीनच्या बॉबिनवरच्या व्हिडिओखाली त्या दिवशी तेवीस कमेंट होत्या. बावीस जणांनी 'छान', 'मस्त', 'उपयुक्त माहिती' लिहून आपलं कर्तव्य उरकलं होतं. तेविसावी मात्र अशी होती – '३:०५ ला तुम्ही मशीन उघडण्याआधी त्यावर हात ठेवून क्षणभर थांबलात. का?'

ती शिलाई मशीन दुरुस्त करायची. दुकान वडिलांचं, ते गेल्यावर तिनेच सांभाळलेलं. व्हिडिओ ही वहिनीची हौस. वहिनी मोबाइल धरायची, ही काम करायची. चेहरा दाखवायला ती काही केल्या तयार नव्हती, म्हणून व्हिडिओत नुसते हात, तेलाची बाटली आणि पेचकस.

अकरा वर्षांत गिऱ्हाइकांनी तिला 'कधी मिळेल?' एवढंच विचारलं होतं. 'का' असं कुणी विचारलंच नव्हतं. तिने उत्तर लिहिलं, 'सवय.' मग दुपारभर तिला उगाचच खोटं बोलल्यासारखं वाटत राहिलं. शेवटी तिने पुन्हा लिहिलं, 'बाबा असाच हात ठेवायचे. मी हात ठेवला की तेही बघतायत असं वाटतं.'

'वाटलंच होतं,' लगेच उत्तर आलं.

त्याच्या खात्याचं नाव होतं 'दुपारपाळी'. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात तो कामाला होता. पाळी दोनला सुरू व्हायची आणि त्याआधी कँटीनमध्ये बसून तो तिचे व्हिडिओ बघायचा. हे सगळं तिला एकेका कमेंटमधून, थेंबाथेंबाने कळलं.

इकडे वहिनीने कुठेतरी वाचलं होतं की चॅनल वाढवायचं तर दुसऱ्यांच्या व्हिडिओखाली उठून दिसणाऱ्या कमेंट लिहाव्या लागतात. लवकर लिहायचं, प्रश्न विचारायचा, थोडी गंमत करायची. तिने नणंदेला रोज पाच कमेंटचा गृहपाठच लावून दिला. नणंद तासभर विचार करायची आणि 'छान' लिहायची. वहिनी कपाळाला हात लावायची. आणि हा माणूस... ना चॅनल वाढवायचंय, ना काही मिळवायचंय, तरी त्याच्या दोन ओळींपुढे बाकीच्या सगळ्या फिक्या पडायच्या.

हळूहळू ती व्हिडिओ त्याच्यासाठीच करू लागली. कबूल मात्र करत नव्हती. मागे चहाचा कप मुद्दाम ठेवायची आणि दोन वाजेपर्यंत मोबाइलकडे बघत राहायची.

'१:५० – कप आज दोनदा दिसला. चहा गार झाला असेल.'

'तुम्हाला मशीन शिकायचंय की चहा प्यायचाय?'

'विचारताय... की बोलावताय?'

तिने मोबाइल पालथा घातला आणि समोरच्या मशीनचा भलताच स्क्रू घट्ट आवळला. गाल तापले होते. बरं झालं, चेहरा दाखवत नाही, असं तिला वाटलं.

मग ती कमेंट आली. बाहेर पाऊस भुरभुरत होता, दुकानात कुणी नव्हतं. '६:४० – स्क्रू हातातून निसटला आणि तुम्ही हसलात. चेहरा दिसला नाही, पण मनगटं हसली. इथे आज अजून कुणी हसलं नव्हतं. आता मी हसतोय.'

तिने ती किती वेळा वाचली, ते विचारू नका. संध्याकाळपर्यंत नव्या कमेंट आल्या आणि ती खाली खाली सरकत गेली. तिला ते बघवेना. म्हणून तिने ती पिन करून सगळ्यांच्या वर ठेवली. उघडलं की पहिली दिसावी, एवढाच तिचा स्वार्थ.

पण पहिली दिसली ती सगळ्यांनाच. आठवड्यात दोन हजार लोकांनी त्या कमेंटला लाल बदाम दिले. 'मनगटप्रेमी भाऊ, लग्न कधी?' 'आम्हाला जेवायला बोलवा!' कारखान्यातल्याही कुणीतरी त्याला ओळखलं असावं, कारण एकाने लिहिलं, 'अरे, हा तर आपल्या खोक्यांच्या खात्यातला!' वहिनी खुशीत होती. व्हिडिओ कधी नव्हे इतका पळत होता.

आठव्या दिवशी कमेंट गायब झाली. त्यानेच काढून टाकली होती. पुढच्या व्हिडिओखाली तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शेकडो लोक आता त्याच्यासारखंच मिनिट-सेकंद टाकून लिहीत होते, आणि ती त्या गर्दीत रोज त्यालाच शोधत होती. जेवणावरची वासना उडाली. आपल्या हातांकडे बघणारं आता कुणी उरलं नाही, असं तिला वाटायचं. ज्याला कधी पाहिलं नाही त्याची इतकी आठवण यावी, याची तिला लाजही वाटायची.

शेवटी तिने वहिनीला सगळं सांगितलं.

"त्याने तुझ्या कानात सांगितलं होतं गं," वहिनी म्हणाली. "तू ते चव्हाट्यावर मांडलंस."

"मला ते हरवायचं नव्हतं, वहिनी."

"मग हे मला काय सांगतेस? त्याला सांग."

सांगायचं कुठे? त्याच्या खात्यावर एकच व्हिडिओ होता, नऊ वर्षांपूर्वीचा, अर्ध्या मिनिटाचा, आवाज नसलेला. पाठमोरी बसलेली एक बाई मशीनवर शिवतेय, बस्स. खाली एकही कमेंट नव्हती.

वहिनीने सवयीप्रमाणे युक्त्या सांगायला सुरुवात केली, पण हिने मोबाइल घेतला आणि मागच्या खोलीत गेली. चार वेळा लिहून खोडलं. पाचव्यांदा थांबली नाही.

'०:११ ला पायडलचा वेग कमी होतो. पट्टा सैल असावा. तुमची कमेंट मी लोकांना दाखवायला वर लावली नव्हती. ती खाली जात होती, ते मला सहन झालं नाही. मला ती जवळ ठेवायची होती. चुकलं माझं. अजूनही रोज दोनच्या आधी मी मोबाइल बघते. खूप लोक लिहितात. पण मी वाट तुमचीच बघते...'

दोन दिवस काही नाही. तिने एका मशीनचं काम तीनदा केलं. तिसऱ्या दिवशी, दोनला दहा मिनिटं असताना, मोबाइल वाजला.

'ती माझी आत्या. तिला तुमची कमेंट वाचून दाखवली. म्हणते, पट्टा ठीक आहे, ०:११ ला मी तिला हाक मारली म्हणून ती थांबली. कारखान्यात सगळे चिडवायला लागले, मला वाटलं तुम्हीही हसत असाल. म्हणून गेलो. रोज बघत होतो मात्र.' आणि त्याखाली, वेगळ्या ओळीत – 'मशीन बिघडलेलं नाहीये. तरी दुरुस्तीला घेऊन आलो तर चालेल?'

तिचे हात तेलाने माखलेले होते. ते पुसायचंही तिला सुचलं नाही. काचेवर बोटांचे डाग उमटत होते आणि ती लिहीत होती.

'मशीन राहू द्या. तुम्ही या.'

खाली तिने दुकानाचा पत्ता लिहिला, आणि वहिनीला न विचारता पाठवून दिला.