तळघरातलं अर्धं मिनिट

विषय : संगणकी मदतनिसाच्या टिपणांची छाननी, आणि त्यातून बाद केलेलं एक टिपण पूर्ववत करण्याबाबतचा अर्ज.

उपरोक्त विषयाची वस्तुस्थिती सांगतो. दिवा जरा जवळ ओढा, म्हणजे बरं.

माझी सून लिफ्ट चालवणारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कंपनीत आहे. लिहिते म्हणजे, हल्ली लिहायला एक यंत्र ठेवलंय. ते लिहितं आणि ही मंडळी माना डोलावतात. यंत्र म्हणे अफाट हुशार. फक्त काल काय केलं ते त्याला आज आठवत नाही. म्हणून ते स्वतःसाठी टिपणं ठेवतं आणि रोज कामाला बसताना आधी ती वाचतं. अशी माणसं मी कचेरीत पुष्कळ पाहिली. त्यांना कुणी हुशार म्हणत नसे.

टिपणांचा उकिरडा झाला होता. एकात ‘हे असंच करा’, दुसऱ्यात ‘हे असं कधीही करू नका’. निस्तरायला कुणाला वेळ नव्हता, मीटिंगा होत्या ना!

सून म्हणाली, “बाबा, तुम्ही जन्मभर जुन्या फायली निकालात काढल्यात. एवढं बघाल का?”

पेन्शनीतल्या माणसाला असं विचारू नये. तो हो म्हणतो.

त्यांच्या कचेरीत गेलो. तिथला साहेब म्हणजे कॅनव्हासचे बूट घातलेला, फुग्यासारखा तरंगणारा गृहस्थ. मी त्याला एकच नियम घालून दिला. ज्या टिपणाखाली कुणी आणि का सांगितलं याची नोंद नाही, ते बाद. आणि बाद झालेलं टिपण, ज्याने ते मुळात सांगितलं त्याच्या अर्जाशिवाय परत घ्यायचं नाही.

“वा काका! जबरदस्त!” म्हणत त्याने तो नियम यंत्रात असा पक्का बसवला, की मोडायचा तर मुख्य कचेरीची मंजुरी लागावी. नियम मोडायची वेळ आपल्यावरच येते, हे त्या फुग्याला कुठून ठाऊक असणार?

पाचोळा झाडताना एक टिपण सापडलं : ‘सगळ्यात खालच्या तळघरात दार उघडल्यावर अर्धं मिनिट थांबावे. मंडळींना उतरायला वेळ लागतो.’ सांगणाऱ्याचं नाव नाही.

ही लिफ्ट म्हणजे त्यांच्याच इमारतीतली; तिच्यावरच ते प्रयोग करतात. ते तळघर कैक वर्षं बंद आहे, त्याचं बटणसुद्धा काढून टाकलंय. रिकामी लिफ्ट विश्रांतीला तिथे उतरते, दार उघडते, मिटते आणि पडून राहते. रिकाम्या लिफ्टमधून कसली मंडळी उतरणार? कुणा रिकामटेकड्याचा विनोद! मी टिपण बाद केलं.

दुसऱ्या दिवशी यंत्राने टिपणं वाचली, थांबायचं कारण दिसेना म्हणून तळघरातला तो अर्ध्या मिनिटाचा थांबाच काढून टाकला. वर शेरा मारला : ‘वेळेची बचत.’

त्या संध्याकाळी सून घरी आली ती कचेरीच्या सगळ्या पायऱ्या उतरून. चेहरा पांढराफटक.

“बाबा, लिफ्ट रिकामी होती. मी आत पाऊल टाकलं आणि जास्त वजनाची घंटा वाजायला लागली.”

“यंत्र बिघडलं असेल.”

“आत कुणी नव्हतं... पण मला उभं राहायला जागा मिळेना.” ती खुर्चीच्या कडेला सरकून बसली. “दाराजवळच्या पडद्यावर वजनाचा आकडा दिसतो ना... मी बाहेर आले तेव्हा तो माझ्याएवढा उतरला. मग... आणखी एकदा उतरला.”

मी हसलो. हसायची सवय वाईट.

लिफ्टचा मिस्त्री बोलावला. एरवी हा माणूस गप्प करावा लागतो. त्याने वजनाची यंत्रणा तपासली, हात पुसले आणि हत्यारं पिशवीत भरली.

“यंत्रणा ठीक आहे, काका. तुम्ही तो थांबा काढायला नको होता.”

“का? तळघरात कुणी असतं की काय?”

“मी तिथे दिव्याशिवाय जात नाही,” तो हळूच म्हणाला, “आणि दिवा घेऊनही जात नाही.”

भर दुपारी मी स्वतः वरच्या मजल्यावर लिफ्टसमोर जाऊन उभा राहिलो. खालून दोरांची कुरकुर येत होती, सावकाश, ओझं वाहणाऱ्यासारखी. दार उघडलं. आत कोणी नाही. ओल्या, न वाळलेल्या कपड्यांचा वास बाहेर आला. लिफ्टची फरशी आमच्या फरशीपेक्षा बोटभर खाली दबली होती. दार मिटायला लागलं, मधेच अडलं, उघडलं. पुन्हा मिटायला लागलं... पुन्हा अडलं. मी मागे सरकलो. माझ्यासाठी कुणीतरी दार धरून ठेवत होतं.

सुनेने तो थांबा हाताने परत लिहिला. सकाळी यंत्राने टिपणं वाचली, कारण सापडेना, पुसून टाकला. तिने पुन्हा लिहिला, त्याने पुन्हा पुसला. मी साहेबाकडे गेलो.

“काका, नियम तुमचाच आहे!” तो खिदळला. “मूळ माणूस आणा.”

शेवटी त्या टिपणाखाली सांगणारा म्हणून मी माझंच नाव घातलं. यंत्राने विचारलं : ‘मंडळी आपण पाहिली आहेत का?’ मी ‘हो’ लिहिलं. ‘किती जण?’ मी ठोकून दिलं, चार.

‘संख्या जुळत नाही. नामंजूर.’

इकडे घरी सून वजनकाट्यावर उभी राहत नाही. एकदा राहिली होती. झोपताना भिंतीकडे सरकून झोपते, पलंग अख्खा मोकळा असूनही. मुलगा परगावी असतो. त्याला काय सांगायचं, हे आम्ही दोघांनीही अजून ठरवलेलं नाही.

मग यंत्रात रीतसर अर्ज आला. अर्जदार : मंडळी. पत्ता : खालचं तळघर. मागणी : ‘थांबा पूर्ववत करावा. उतरायचं राहून जातं.’ कुणाच्या संगणकावरून आला, ते निघालं नाही. मी शिफारस जोडून तो मुख्य कचेरीकडे पाठवला. एरवी अशा अर्जावर मी चहाचा पेला ठेवला असता. कचेरीने उलट टपाली कळवलं, की अर्जदारांनी ओळख पटवण्यासाठी समक्ष हजर राहावं. साहेब परिषदेला गेला आहे. विषय असा आहे, ‘यंत्रांवरचा विश्वास’.

काल अर्जदारांचं स्मरणपत्र आलं. त्यांच्यापैकी एकाने पत्ता बदलल्याचं कळवलंय, आणि पुढचा पत्रव्यवहार नव्या पत्त्यावर व्हावा अशी विनंती केली आहे. पत्ता आमच्या घरचा आहे. खोलीसुद्धा बरोबर लिहिली आहे, सुनेची.

अर्ज प्रलंबित आहे.