लाल दोरा

"अहो, कुणी त्याचं झाकण उघडलं तर माझी पोर दुसऱ्यांदा जाईल हो!"

जुन्या बाजारात पंखा शोधत फिरणारे भावोजी दचकलेच. समोर घामाने डबडबलेली एक बाई घारीचा हात धरून उभी होती. घार म्हणजे भावोजींची मेहुणी. खासगी शोधकाम करायची, आणि नजर अशी की हे नाव तिला आपसूकच चिकटलं होतं. झालं, भावोजींची रविवारची सहल बोंबलली!

बाईची लेक वर्षापूर्वी तापाने गेली. तिच्या शेवटच्या सहलीचा रोल जुन्या कॅमेऱ्यात अडकून राहिला होता. तो सोडवायला बाईने सकाळीच कॅमेरा इथल्या कारागिराकडे दिला होता. मग पलीकडच्या गावात फोटो धुवून घ्यायचे. पण कॅमेराच गायब! आत ऊन शिरलं की फोटो पुसलेच.

या बाजारात जो तो वस्तू उचलतो आणि उघडून बघतो.

"मी चहाला गेलो होतो," कारागीर रडकुंडीला आला. "दुरुस्तीच्या वस्तूला मी गिऱ्हाइकासमोरच लाल दोरा बांधतो. दोरा असला की ती विकायची नाही, हे आम्हा बाजारवाल्यांना ठाऊक आहे."

घार टेबलाखाली वाकली. तिथे दोरा पडला होता. तोडलेला नव्हता, गाठ नीट सोडवलेली होती. तिने तो पर्समध्ये टाकला.

"कॅमेरा मीच विकला," शेजारची दिवेवाली म्हणाली. "तो नसला की त्याचं दुकान मीच बघते. दोराबिरा काही नव्हता! टोपी, गॉगल, तोंडाला रुमाल असा एक माणूस आला. या उन्हात सगळेच तसे फिरतात. घासाघीस नाही, डोळ्याला लावून बघणंसुद्धा नाही. उघडून दाखवू का म्हटलं, तर 'नको!' म्हणून केवढ्यांदा ओरडला."

"कारागिराचाच साथीदार," भावोजी कुजबुजले.

"आपलंच दुकान पैसे मोजून कोण लुटतं, भावोजी?"

तेवढ्यात बाईचा नवरा आला. सकाळी तिला बाजाराच्या तोंडाशी उतरवून तो पंक्चर काढायला गावात गेला होता, तो आत्ता उगवत होता.

"अहो, आपला कॅमेरा विकला हो कुणाला तरी!" बाईला हुंदका फुटला.

तो मटकन बाकावर बसला. खांद्यावरची पिशवी मांडीवर घट्ट धरली. भावोजींनी दिलेलं पाणी एका हातानेच प्यायला. मग दिवेवालीवर खेकसला, "लाल दोरा बांधलेली वस्तू विकलीच कशी तुम्ही?"

"या बाजारात आधी कधी आला होता?" घारीने विचारलं.

"छे, पहिल्यांदाच."

"मग दोऱ्याचं कुणी सांगितलं?"

"हिने."

"मी? मी कुठे काही बोलले!" बाई म्हणाली.

घार त्याच्याकडे वळली. तिचा आवाज मऊ झाला. "विकत घेणाऱ्याला कॅमेऱ्याशी देणंघेणं नव्हतं, नाहीतर त्याने निरखून पाहिला असता. तो 'नको' म्हणून ओरडला, म्हणजे आत रोल आहे हे त्याला माहीत होतं. ते माहीत असलेली माणसं तीनच. कारागीर चहाला गेलेला, ताई बाईमाणूस. उरलात तुम्ही. दोरा बांधताना तुम्ही कुठूनतरी पाहिलंत, कारागीर उठताच तो सोडवलात आणि चोरी नको म्हणून रीतसर पैसे दिलेत. आता ती पिशवी उघडा."

टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा बाहेर आला. झाकण बंद होतं.

"आत्ता कुठे तू दोन घास खायला लागलीस," नवरा बायकोला म्हणाला. "तिला हसताना बघून पुन्हा अंथरूण धरलंस तर? पोर गेली, आता तूही गेलीस तर मी काय करू? फेकून देणार होतो. हातच होईना."

भावोजींना वाटलं, आता ही त्याला फाडून खाणार. ती त्याच्याजवळ बसली.

"तुम्हाला ती दिसेल याची भीती," ती म्हणाली. "अहो, मला तिचं हसू आठवेनासं झालंय. रोज थोडं थोडं जातंय. कुणाला सांगू?"

कारागिराने काळ्या कापडाखाली हात घालून रोल सोडवला. चौघं पलीकडच्या गावातल्या स्टुडिओत गेली. नवरा दाराकडे पाठ करून उभा राहिला. भावोजींना घड्याळाकडे बघायचीही हिंमत होईना.

अखेर दार उघडलं. "आलेत फोटो," स्टुडिओवाला म्हणाला.

बाई जागची हलली नाही. फोटो घ्यायला हात नवऱ्याने पुढे केला.