बावन्न दात

 गॅरेजच्या पत्र्यावर भुरभुर पाऊस वाजत होता. स्टँडवर चढवलेल्या मोटारसायकलचे मागचे चाक तिच्या, गॅरेजच्या मिस्त्रीच्या, बोटाने सावकाश फिरत होते, आणि गुरांचा डॉक्टर दाराच्या चौकटीला टेकून ते फिरणे पाहत उभा होता. खडूच्या खुणेशी येऊन चाक थांबले. बावन्न. तिसऱ्यांदा मोजूनही बावन्नच.

चाकाच्या मध्याशी बसवलेल्या त्या दातेरी कडीला अठ्ठेचाळीस दात असायला हवे होते. ब्रेक करकचून दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा या दातांवरूनच चाकाचा वेग ओळखते. दात जास्त झाले की तिला वाटते, मागचे चाक पुढच्यापेक्षा पुढे धावते आहे. मग ती भांबावते, स्वतःला बंद करून घेते आणि मीटरवर पिवळा दिवा लावून ठेवते. जुनी कडी वाकली म्हणून महिन्याभरापूर्वी ही नवी बसवली होती तिनेच. भोके जुळली होती, घेर जुळला होता... दात मोजावेत, हे मात्र तिला सुचले नव्हते.

शोरूमच्या कागदावर निराळेच निदान होते. एबीएसचे संपूर्ण युनिट बदला. खर्च गाडीच्या किमतीच्या एक तृतीयांश. तो कागद घेऊन डॉक्टर तीन आठवड्यांत पाच वेळा आला होता. "युनिट सहजासहजी मरत नाही, डॉक्टर," पहिल्याच दिवशी तिने ताठ मानेने सांगितले होते. "तुटते ती वायर, नाहीतर सेन्सरवर चिखल बसतो. माझ्या हातची गाडी एकाच दुखण्यासाठी दोनदा दारात येत नाही." आणि ही पाचव्यांदा आली होती. प्रत्येक खेपेला तिने नवी वायर तपासली, नवा जोड उघडला. प्रत्येक खेपेला तो थोडा अधिक वेळ थांबला.

आता तर मार्ग फारच सोपा होता. अठ्ठेचाळीस दातांची कडी समोरच्या खणात होती. ती निमूट बसवावी, दिवा विझवावा, लाखमोलाचे युनिट वाचवल्याची शाबासकी घ्यावी. त्याच्या डोळ्यांत ती किती मोठी झाली असती... त्या विचारानेच तिला स्वतःची लाज वाटली.

ती उठली. हात पुसले.

"युनिट ठणठणीत आहे. चूक माझी आहे. मी बसवलेली कडी दुसऱ्या मॉडेलची निघाली. दात जास्त आहेत."

"चारच तर जास्त आहेत—" तो समजुतीच्या सुरात म्हणाला, आणि तिथेच त्याने जीभ चावली.

पावसाचा आवाज एकदम मोठा झाला.

"चार? मी आकडा सांगितला नव्हता, डॉक्टर."

"दात मोजणं माझं रोजचंच काम, मिस्त्री. गाईचं वय कळतं त्यावरून."

"मग या कडीचं वय सांगा."

तो हसायला गेला. ते हसू अर्ध्यातच विरले. "शोरूमचा फोरमन म्हणाला होता. कागद काउंटरवरच्याने दिला, कॉम्प्युटर वाचून. फोरमनने मला बाजूला नेऊन दात मोजून दाखवले. 'बाहेरच्या मिस्त्रीची चूक' असं तो खाली लिहिणार होता. मी लिहू दिलं नाही."

"कधीची गोष्ट ही?"

"तीन आठवडे झाले."

"म्हणजे तीन आठवडे तुम्ही एबीएसशिवाय, या ओल्या रस्त्यांवरून...!" तिचा आवाज चढला. "कशासाठी?"

"जपून चालवत होतो. वाटलं, चूक तुम्हालाच सापडावी. परक्याच्या तोंडून कळली असती, तर तुम्ही मला पुन्हा दारात उभं केलं नसतं. आणि..." तो चाकाकडे पाहू लागला. "लवकर सापडू नये, असंही वाटायचं."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. रागाने, असे तिने स्वतःला बजावले.

"काय गं, मारामारी करताय की गाडी दुरुस्त?" आतून बाबांनी हाक दिली.

"दोन्ही, बाबा!"

तिने हात पुढे केला. "तो कागद द्या."

"राहू दे ना आता..."

"माझी चूक झाकायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? माझं काम माझं, तशी चूकही माझीच. द्या."

कागद बाकावर ठेवून, शोरूमच्या छापील निदानाखाली तिने ठळक अक्षरांत लिहिले: 'कडी मी चुकीची बसवली. युनिट निर्दोष आहे.' खाली सही केली, तीही पूर्ण नावाने. बिलाची सही ती नेहमी उरकून टाकी. ही मात्र तिने सुरेख वळण देऊन केली. "फोरमनला दाखवा. सांगा, आमच्याकडे चूक सापडते आणि लिहूनही मिळते."

तो त्या अक्षरांकडे पाहत राहिला. "मिस्त्री, तुमची सहीसुद्धा मान वर करून चालते."

"मस्का नको. पैसेही नकोत."

कडी बदलायला अर्धा तास लागला. मग तिने गाडी स्वतः बाहेर काढली, गल्लीच्या टोकाच्या ओल्या खडीवर नेली आणि दोन्ही ब्रेक एकदम दाबले. बोटांखाली लिव्हर, पायाखाली पेडल थरथरले, भराभर, जिवंतपणे. चाक घसरले नाही, गाडी सरळ रेषेत थांबली. दिवा विझलेला होता. ती परतली तेव्हा केसांवर पाणी होते आणि चेहऱ्यावर काहीतरी जिंकून आल्याचे तेज.

"घ्या. आता तक्रारीला जागा नाही." तिने चावी त्याच्या हातावर ठेवली. बोटे क्षणभर, गरजेपेक्षा जरा जास्तच, तिथे राहिली. मग ज्या प्रश्नाला ती तीन आठवडे भीत होती, तो तिने मान ताठ ठेवूनच विचारला. "गाडी बरी झाली, डॉक्टर. आता कशाच्या निमित्ताने याल?"

त्याने तिच्याकडे पाहिले, कागदाची घडी खिशात ठेवली, चावी पुन्हा तिच्या बाकावर ठेवली. आणि धडधाकट मोटारसायकल तिच्या दारात तशीच उभी सोडून तो भुरभुरत्या पावसात पायी चालू लागला.