बांधावरचं गिऱ्हाईक

रस्त्यावरचे दिवे गेले म्हणजे आता थोडा वेळ बसावंच लागेल तुम्हाला. मेणबत्तीच्या उजेडात मी वस्तरा चालवत नाही. फारच घाई असेल तर अर्धी दाढी घेऊन जा, पण घरी हसतील. त्यापेक्षा बसा. मघाशी विचारलंत ना, मोटारसायकलच्या मागे सलून लावायची कल्पना कुणाची म्हणून? कल्पना बायकोची, लोखंड दाजींचं. आणि पहिलं गिऱ्हाईक... ते सांगतो. मान तेवढी सरळ ठेवा.

रस्ता रुंद करायला निघाले त्यात माझं दुकान पडलं. वाचली ती ही खुर्ची. घरी आणली तर दारातून आत जाईना. दाराची फळी बिजागऱ्यांतून काढली तेव्हा कुठे ती आत शिरली आणि अर्धी खोली अडवून बसली. मग मी तिच्यात बसायला लागलो. दुसऱ्यांच्या सलूनमध्ये विचारून पाहिलं, पण त्यांना केसांचे तुरे काढणारी पोरं हवी होती. बायको दिवसभर लोकांचे कपडे अल्टर करायची आणि शिवलेले कपडे माझ्या खुर्चीच्या पाठीवर टाकायची. कधीकधी मी आत बसलेला असतानाही टाकायची. तिला मी दिसेनासा झालो होतो म्हणा, किंवा दिसून दिसून कंटाळा आला होता म्हणा.

एक दिवस तोंडातली टाचणी काढून ती म्हणाली, "या खुर्चीत तुम्ही बसणार, की कुणाला बसवणार? काय ते एकदा ठरवा."

"दुकान कुठंय बसवायला?"

"दुकान नाही तर नाही. खुर्ची आहे, गाडी आहे. जिथं लोकांच्या दाढ्या वाढल्यात तिथं घेऊन जा तिला."

मी हसलो. ती हसली नाही. संध्याकाळी दाजींच्या वर्कशॉपवर तिनेच मला नेलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवतात. माणसांशी मोजकं बोलतात, सगळं बोलणं आणि सगळ्या शिव्या लोखंडासाठी राखून ठेवलेल्या. त्यांनी खुर्चीची मापं घेतली, फरशीवर खडूने एक लांबट चौकट काढली, तिला पुढे एक लांब दांडा काढला आणि बराच वेळ नुसते बघत बसले.

"दाजी, एवढं वजन मोटारसायकल ओढेल?"

"ओढेल की. थांबवायचं कसं ते तुझं तू बघ."

चौकोनी पाइपची चौकट, जुन्या स्कूटरची दोन चाकं, भंगारातून उचललेल्या स्प्रिंगा. खुर्ची बरोबर चाकांवर नाही, बोटभर पुढे बसवली. वजन मागे गेलं तर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि मग गाडीवाल्याला आडवं करूनच थांबतो, असं दाजी म्हणाले. खुर्चीसमोर, म्हणजे माझ्या पाठीमागे, एक उभी फळी आणि तिच्यावर दुकानातला आरसा. सगळ्यात जास्त दिवस गेले ते जोडावर. मोटारसायकल वळताना कलते, ट्रेलर कलायला नको, म्हणून तो जोड सगळ्या बाजूंनी फिरायला हवा आणि तरी सुटायला नको. दाजींनी तो चार वेळा केला आणि चार वेळा तोडला. पाचव्यांदा त्यातून जाड खिळा आरपार घातला, वर चिमटा लावला आणि म्हणाले, "हा खिळा निघाला तरच तुमची फारकत."

मैदानात चालवून बघितलं. पहिल्याच वळणावर ट्रेलरचं चाक ताईच्या चपलेवरून गेलं, नशीब पाय आत नव्हता. ताई ओरडली, "अरे, तुला आता चार चाकं आहेत, जरा लक्षात ठेव!" किती तरी दिवसांनी मी पोट धरून हसलो. आणि बायको बाजूला उभी राहून माझ्याकडे बघत होती. गाडीकडे नाही, माझ्याकडे.

पहिली फेरी तलावापलीकडच्या वसाहतीत करायची ठरली. तिथे घरं बरीच आणि सलून एकही नाही. जायला रस्ता एकच, तलावाच्या बांधावरून. सकाळी बायकोने थर्मासमध्ये गरम पाणी भरून दिलं, धुतलेले टॉवेल दिले, खुर्चीवर ताडपत्री घालून दोरी स्वतः आवळली.

बांधाशी पोचलो तेव्हा उजाडलं होतं, पण धुकं असं होतं की उजाडून उपयोग नव्हता. रस्ता एका गाडीपुरता. डावीकडे पाणी आणि उजवीकडे खोल उतार, पण दिसत दोन्ही नव्हतं, नुसता ओल्या गवताचा आणि शेवाळाचा वास. माझ्याच इंजिनाचा आवाज दुसऱ्या कुणाच्या गाडीसारखा लांबून येत होता. मी पहिल्या गिअरवर सावकाश चाललो होतो. मागे स्प्रिंगा एका लयीत कुईं... कुईं... करत होत्या. ती लय कानाला बरी वाटत होती.

मग ती लय चुकली.

गाडीचं मागचं चाक एकदम दबलं. हँडल हलकं झालं. आणि पाठीमागून एक आवाज आला... हुस्स...

तुम्ही मघाशी बसलात तेव्हा या गादीतून आला ना, तोच. आतली हवा निघते. उभ्या आयुष्यात मी तो इतक्या वेळा ऐकलाय की झोपेतही ओळखेन. खुर्चीत माणूस बसल्याशिवाय तो येत नाही.

मी थांबलो. इंजिन बंद केलं, आणि लगेच वाटलं, करायला नको होतं. शांतता इतकी होती की ताडपत्रीवरून पाणी ठिबकताना ऐकू येत होतं. मागे गेलो. बायकोने आवळलेली दोरी सुटून नीट गुंडाळून ठेवलेली. ताडपत्रीची व्यवस्थित घडी. खुर्ची रिकामी... पण गादी मधोमध खोल दबलेली. पाय ठेवायच्या पट्टीवरून पाण्याची धार लागलेली.

आणि आरशात माणूस बसला होता.

उतारवयाचा. खाकी कोट, काळा पडलेला, अंगाला चिकटलेला. गालभर पांढरी खुंटं. मी खुर्चीकडे बघितलं, कुणी नाही. आरशात बघितलं, तो माझ्याकडेच बघत होता.

"चालू आहे ना... दुकान?"

आवाज आरशातून नाही आला. खुर्चीतून आला.

पळायचंच मनात होतं माझ्या, खोटं कशाला सांगू. पण पळणार कसा? त्या रस्त्यावर ट्रेलरसकट गाडी वळत नाही आणि ट्रेलर लावून मागे घ्यायचं म्हणजे सरळ पाण्यात. एकच वाट होती, खिळा काढायचा आणि नुसती गाडी घेऊन सुटायचं. चिमटा काढलाही मी. खिळ्याला हात घातला. थंडगार लोखंड, त्याच्यावर दाजींच्या कानशीचे ओरखडे. घरी जाऊन काय सांगणार होतो? खुर्ची बांधावर टाकून आलो? आणि मग पुन्हा त्या खोलीत... पण आता बसायला खुर्चीही नाही.

"घाई नाही..." तो म्हणाला. "पण घरी बाळ आलंय. लेकीचं. दाढी टोचते म्हणून... जवळ घेऊ देत नाहीत."

काय झालं मला माहीत नाही. चिमटा परत लावला. थर्मास उघडला.

टॉवेल गळ्याभोवती टाकला तो खांद्यांच्या आकारात अधांतरी राहिला. ब्रशने फेस लावला. आरशात गालावर लागत होता आणि डोळ्यांसमोर हवेत, जबड्याच्या आकारात लटकत होता. मी आरशातच बघत राहिलो. बोटांना गाल लागत होता, पाण्याखालच्या दगडासारखा, बुळबुळीत थंड. वस्तरा उघडेपर्यंत माझे हात लटलट कापत होते. पण पहिला हात फिरला आणि खुंटांचा तो करकर आवाज आला, तसे ते थांबले. हाताला काम मिळालं की तो घाबरत नाही, घाबरतो तो माणूस. मी वस्तरा टॉवेलला पुसला. फेसात पांढरी खुंटं होती, आणि शेवाळाचे हिरवे तंतू.

"लागत तर नाही ना?" सवयीने विचारून गेलो.

"नाही..." तो म्हणाला, "हात हलका आहे तुमचा."

इतक्या महिन्यांत माझ्या हाताबद्दल कुणी चांगलं बोललं नव्हतं. पुढचा हात मी आणखी सावकाश फिरवला, तिथे, त्या बांधावर, अशा गिऱ्हाइकासाठी.

गाल पुसले. त्याने आरशात दोन्ही बाजूंनी मान फिरवून बघितलं, सगळे बघतात तसंच. "पुढे उजव्या हाताला पहिलं घर. सोडाल?"

मी गाडीवर बसलो. मान वळवली नाही. बांध संपताना चढ आहे, तिथे इंजिन गुरगुरायला लागलं, मागे सगळं वजन लोंबत होतं आणि माझ्या मानेवर कुणाचा तरी ओला श्वास... धुक्याचा असेल. जोड कुरकुरला, पण सुटला नाही. उजवीकडे पत्र्याच्या छपराचं घर दिसलं. मी गाडी पूर्ण थांबवायच्या आतच गादी फुगल्याचा आवाज आला आणि गाडी हलकी झाली.

फाटकाला कडी होती. ती आपोआप वर झाली.

पायरीवर एक म्हातारी शाल घेऊन बसली होती. तिने फाटकाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हवेत वास घेतला.

"दाढीच्या साबणाचा वास," ती हळूच म्हणाली. "कोण आलं?"

तेवढ्यात आतून एक तरुण मुलगी बाहेर आली, गालावर हात धरून. घाबरलेली नव्हती. अचंबा वाटल्यासारखी दिसत होती.

"आजी, आत्ता मला कुणी... गालाला गाल लावला. गार होता. पण गुळगुळीत."

म्हातारीने तोंडाला पदर लावला. मग मला पायरीवर बसवून, कपातला चहा माझ्या हातात देऊन तिने सांगितलं. तिचे यजमान तलावाची पाण्याची दारं सांभाळायचे. ही नात तान्ही असताना लेक पहिल्यांदा माहेरी आली, तेव्हा म्हातारीच त्यांना म्हणाली होती, आधी दाढी करून या, मग बाळाला घ्या. ते धुक्यातून पलीकडच्या सलूनमध्ये जायला निघाले. परत आले नाहीत. सापडलेही नाहीत. तेव्हापासून लेक सोबत चल म्हणते, पण म्हातारीचा पाय निघत नव्हता. घरी कुणी नसताना ते आले तर?

मी बांधावरचं सगळं सांगितलं. तिने शेवटी फक्त विचारलं, "बोलले का काही?"

"हात हलका आहे म्हणाले."

"मग खरंच आवडली असेल दाढी," ती म्हणाली, आणि रडता रडता हसली. "माझ्या तर कशालाच चांगलं म्हणाले नाहीत कधी."

त्या दिवशी वसाहतीत तीच माझ्यासोबत दारोदार फिरली. "हात हलका आहे याचा," सगळ्यांना सांगत होती. दुपारपर्यंत टॉवेल संपले. संध्याकाळी घरी गेलो तर दारात बायको उभी. तिने माझ्या बाहीवरचे बारीक केस झटकले आणि आत जाऊन ताट वाढलं. थोड्याच दिवसांत म्हातारी लेकीकडे राहायला गेली. सुखात आहे. नातीचं लग्न ठरलंय, नवऱ्यामुलाची दाढी मीच करणार आहे.

आणि माझं काय, तुम्ही बघताच आहात. रोज एक वस्ती, आठवड्याचे सगळे वार लागलेत. दाजी आता दुसरा ट्रेलर करतायत, बायकोच्या शिलाई मशीनसाठी.

तलावापलीकडे अजून जातो मी, पण धुकं विरल्यावरच. एकदाच चुकलो, गेल्या आठवड्यात. निघालो तेव्हा ऊन होतं, बांधावर चढलो आणि धुक्याने सगळीकडून घेरलं. सावकाश जात होतो. तर रस्त्याच्या कडेला, पाण्याच्या बाजूला, एक दगड ठेवलेला दिसला. पुढे आणखी एक. मग आणखी एक. नंबर लावताना लोक ठेवतात ना, तसे, एका ओळीत, सारख्या अंतरावर, बांधाच्या पार टोकापर्यंत.

प्रत्येक दगडावर एकेक ओला टॉवेल घडी करून ठेवला होता.

हं, आले दिवे. मान जरा मागे घ्या.