यंत्र बिघडलं नव्हतं

डेन्मार्कमधल्या ओरहूसच्या खाडीवरचं धुकं त्या सकाळी प्रयोगशाळेच्या काचांना टेकून उभं होतं. मी दार ढकललं, तर माझ्या टेबलाखालून दोन लांब पाय बाहेर आलेले.

"कोण?"

"आस्गर. दुरुस्तीवाला." आवाज खालूनच आला. "तुमच्या विद्यार्थिनीनं बोलावलं. रक्तवाहिनीला आवळणारं हार्मोन दिलं तरी आलेख जेमतेम हलतो म्हणे."

मला हसू आलं. "यंत्र ठीक आहे. ती रक्तवाहिनी गाभण उंदरिणीची आहे."

तो बाहेर आला. राखाडी डोळे, कपाळाला काळा डाग. "मग?"

"एरवी ह्या हार्मोननं ती मूठ वळल्यासारखी आवळते, रक्तदाब चढतो. पोटात पिल्लं असली की ती त्याचं फारसं ऐकत नाही. पिल्लांपर्यंत रक्त पोचायला हवं ना."

"बायकांचंही असंच?"

"असंच..." माझा हात पोटाकडे निघाला होता. मी तो घाईनं एप्रनच्या खिशात घातला.

त्यानंतर आमची यंत्रं वरचेवर तपासावी लागायची – असं त्याचं मत. येताना तो राय धान्याच्या पावावर हेरिंग मासा घालून आणायचा, सोबत कॉफी. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

एका संध्याकाळी आम्ही बंदरावर चालत होतो. पाणी, आभाळ, सगळं एकाच फिकट निळ्या रंगाचं.

"सिसेल, शनिवारी माझ्या बहिणीकडे येशील? मी सांगून बसलोय."

"काय सांगितलंस?"

"तू येतेयस, एवढंच. बाकीचं तिनं माझ्या चेहऱ्यावर वाचलं."

आता बोलायलाच हवं होतं.

"आस्गर, मी गरोदर आहे. शुक्राणूदात्याकडून... तू भेटायच्या आधीच. कुणाची वाट बघायची नाही, एकटीनंच वाढवायचं, असं ठरवलं होतं मी."

तो पाण्याकडे वळला आणि त्यानं कठडा धरला. मी निघायला वळले.

"थांब ना," तो म्हणाला. "म्हणजे बाळासाठी तू मी आणलेली कॉफी ओतून टाकतेस... मला वाटायचं, वाईट असते म्हणून."

"वाईटही असते."

तो हसला, मग गंभीर झाला. "तुझं ठरलंय ते मोडायला मी आलो नाही. मी फक्त... जवळ असेन म्हणतो. चालेल?"

"मला भीती वाटते रे."

"मलाही."

मी हातमोजा काढला आणि त्याच्या कोटाच्या खिशात हात घातला. त्याचा हात तिथं होताच.