अंगठा दाखवायचा नाही

दीनानाथरावांची तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. समुद्रावर भरपूर राहिले, समुद्रात मात्र कधी उतरले नाहीत. निवृत्तीनंतर वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये बसून माश्या मारायच्या का? त्यांनी सरळ स्कूबाचा कोर्स धरला. दोनदा खाली गेले, दोन्ही वेळा घाबरून वर आले. आजची बुडी शेवटची. आज जमलं नाही तर सर्टिफिकेट विसरा, असं शिक्षक विवेकने स्पष्ट सांगितलं होतं.

हंटू बेटाशी बोट थांबली. हंटू म्हणजे इथल्या मलाय भाषेत भूत, पण भर दुपारी भुताला कोण विचारतो!

"बाबा, अंगठा दाखवायचा नाही," त्यांची लेक कादंबरी पुन्हा बजावत होती. "अंगठा म्हणजे 'वर चला'. छान वाटलं तर बोटांचं कडं कर. ही तुझी इंजिनरूम नाही, लाह!" शेवटी तिने इथल्या लोकांसारखा हेल काढला.

इंजिनच्या त्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात अंगठा म्हणजे सगळं ठीक. तीस वर्षांची सवय ती, जाते कशाला?

खाली पुरुषभर उंचीचं तपकिरी शेवाळ डुलत होतं. पाणी गढूळ, दोन हातांपलीकडे काही दिसेना. छाती धडधडू लागली. डावा हात धरून असलेल्या कादंबरीने समोर बोट दाखवलं. शेवाळाला शेपटीचा विळखा घालून एक समुद्रघोडा ऐटीत बसला होता. अहाहा! भीती कुठल्या कुठे पळाली. दीनानाथरावांना अगदी लहान मुलासारखा आनंद झाला.

त्या भरात उजवीकडे विवेक दिसल्यासारखा वाटला, तसा त्यांनी अंगठा दाखवला.

शेवाळातून एक अंगठा वर झाला. मग त्या हाताने त्यांचा उजवा हात धरला. पाणी कोमट होतं, हात मात्र बर्फगार. तरी त्यांना धीरच आला.

पुढची वीस मिनिटं मजेत गेली. वर आल्यावर ते एकाच हाताने शिडी चढले.

"काका, पास!" विवेक ओरडला. कादंबरीने बापाला मिठीच मारली.

"तू हात धरलास म्हणून जमलं रे."

"मी? मी तर पूर्ण वेळ तुमच्या मागे होतो."

"आणि उजवीकडे कुणीच नव्हतं, बाबा. अंगठा मात्र दाखवलासच!" कादंबरी हसत सुटली. तिने थर्मासमधला चहा पुढे केला.

त्यांनी कप घेतला.

"डावखुरा कधीपासून झालास?"

दीनानाथरावांनी खाली पाहिलं. उजवी मूठ मिटलेली होती. त्यांनी हळूच बोटं उघडली.

ती बर्फगार पकड सुटली नाही.