पहिला फोटो हत्तिणीचा

माझी सबंध नोकरी एक्स-रे विभागात गेली. "श्वास रोखा" म्हणायचं, भिंतीआड जायचं, बटण दाबायचं. फोटो म्हटला की त्यात पेशंट असतो, आपण नसतो, हे अंगात भिनलेलं. यांना अर्धांगवायू झाला आणि चाकांचा पलंग खिडकीशी लावला, तेव्हा मुलीनं एक कॅमेरा पाठवला. बागेत खुंटाला बांधायचा. समोर ऊब असलेलं काही हललं की लाल दिवा लुकलुकतो आणि फोटो निघतो.

रोज सकाळी मी कार्ड बदलायला जायचे. नवं कार्ड घालून वळले की पहिला फोटो माझ्याच सुजलेल्या घोट्यांचा. "आली हत्तीण!" हे म्हणायचे. तोंड वाकडं झालं होतं, चेष्टा शाबूत होती. मग खारी, शेजारचा बोका, आणि पाण्याची परात तपासायला येणारं मुंगूस. त्याला आम्ही इन्स्पेक्टर म्हणायचो. फोटो बघता बघता हे दोन घास जास्त खायचे. तेवढ्यासाठी मी धापा टाकत पायऱ्या उतरायला तयार होते.

एका फोटोत बोका आणि इन्स्पेक्टर शेजारी शेजारी बसलेले दिसले. एरवी एकमेकांच्या जिवावर उठणारे. मध्ये एक खार. तिघांची पाठ कॅमेऱ्याकडे, तोंडं आमच्या खिडकीकडे.

"सभा भरलीय," हे म्हणाले. मी हसले.

पुढच्या फोटोतही सभा तशीच. त्याच्या पुढच्याही. परात काठोकाठ भरलेली, कुणी तोंड लावलेलं नाही. हे तिघं दगडासारखे बसलेले, मग कॅमेऱ्यासमोर हललं काय, ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी सभा परात ओलांडून खिडकीकडे सरकली होती. नंतर गुलाबाच्या वाफ्यात आली. यांची चेष्टा थांबली.

"अगं, ते माझ्यासाठी आलेत."

"काहीतरीच काय तुमचं!"

"मला ग्लाससुद्धा उचलता येत नाही. पळणार कुठे?"

ते म्हणाले ते मलाही वाटलं होतं, फक्त तोंडातून काढलं नव्हतं. मी परात उचलली. यांचा पलंग ढकलत आतल्या खोलीत नेला, तिला खिडकीच नाही. मध्ये दोनदा थांबून दम खाल्ला.

"काही लागलं तर हाक मारा. मी बाहेरच आहे."

खिडकीशी मी माझी खुर्ची टाकली. येऊ देत, म्हटलं, गाठ माझ्याशी आहे. मी असताना यांना कुणी हात लावणार नव्हतं.

त्यानंतरच्या कार्डावर आधी हत्तीण, मग सभा. अगदी खिडकीखाली. आतल्या खोलीच्या बाजूला एकही वळला नव्हता. पलंग हलवलेला त्यांना कळलाच नाही, असं वाटून मला बरं वाटलं. फोटो मोठा करून पाहिला. बोक्यानं मान वर केली होती. काचेत माझी खुर्ची आणि गाउनची बाही दिसत होती. बाकी काही नव्हतं, म्हणून मी निर्धास्त झाले.

सकाळी खुर्चीतच जाग आली, तीच हलकं वाटून. घोटे ठणकत नव्हते. बागेत उतरले, धाप लागली नाही.

खिडकीखाली कुणी नव्हतं. सभा उठली होती.

मी कॅमेऱ्यासमोर गेले. दिवा लागला नाही. हात हलवला, तरी नाही. सेल संपले असणार.

तेवढ्यात कुंपणातून इन्स्पेक्टर आला आणि माझ्या पावलाला घासून, न बिचकता पुढे गेला.

दिवा लुकलुकला.

आतून हाक आली. "अगं, पाणी."

"आले हो!"

"अगं, ऐकतेस ना?"

मी धावले. खुर्चीजवळून जाताना तिच्याकडे बघायचं टाळलं.

ग्लास स्टुलावर होता, यांच्या हातापासून वीतभर लांब.

"हत्तीण," ते हळूच म्हणाले, "आहेस ना गं?"

"आहे," मी म्हटलं. "आहे ना."

ते दाराकडे बघत राहिले. मी त्यांच्या उशाशी उभी होते.